१५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० : मधल्या काळात आपण नेमके कोण होतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर फिरला. १९४७ ला स्वातंत्र्य मिळालंच नाही, नुसती सत्ता हातातून हातात गेली, १९५० पर्यंत इंग्लंडचा राजाच आपला राजा होता आणि ब्रिटिशांनी देश ९९ वर्षांच्या कराराने दिलाय, असं त्यात म्हटलं होतं. ९९ वर्षांची थाप तुम्ही लगेच ओळखलीत. पण राजाबद्दल शोधायला गेलात तर ते खरं निघालं, आणि तिथे तुम्ही अडकलात. त्यावर तुम्ही विचारलंय की मग तो अडीच वर्षांचा काळ स्वातंत्र्याचा धरायचा की नाही, आणि इंग्रजांचे कायदे तसेच राहिले असतील तर २६ जानेवारीला बदललं तरी काय?

मी उच्च न्यायालयात वकिली करते आणि विधी महाविद्यालयात घटनेचा विषय शिकवते. हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो, आणि जो विद्यार्थी तो विचारतो त्याने धडा नीट वाचलेला असतो. शाळेच्या पुस्तकात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे दोन सण म्हणून भेटतात. त्यांच्या मधे काय झालं यावर दोन ओळीसुद्धा नसतात, त्यामुळे ती जागा अफवांनी भरते.

माझं उत्तर असं आहे. १५ ऑगस्टला भारत पूर्ण स्वतंत्र झाला, त्यात काही बाकी राहिलं नव्हतं. पण त्या दिवशीचं आपलं सरकार कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश संसदेच्या एका कायद्यातून जन्मलं होतं. २६ जानेवारीने सरकारच्या अधिकाराचा उगम बदलला. खरा प्रश्न 'राजा होता का' हा नाही. आपला कायदा अखेरीस कोणाच्या नावाने आणि कोणाच्या सहीने उभा आहे, हा आहे. हा बदल वाटतो तितका सोपा नव्हता. शेजारच्या देशात तो फसला आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. त्याकडे येतेच.

सुरुवात जरा मागून करायला हवी. प्रजासत्ताक व्हायचं हे स्वातंत्र्यानंतर सुचलेलं नाही. काँग्रेसने १९२९ च्या लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला. त्याआधी १९२८ च्या नेहरू अहवालात मागणी होती ती डोमिनियनची, म्हणजे कारभार स्वतःचा पण राजा इंग्लंडचाच, अशा कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या दर्जाची. घटना समिती ९ डिसेंबर १९४६ ला बसली तेव्हा देश पारतंत्र्यातच होता, आणि चारच दिवसांनी नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. त्यात 'स्वतंत्र सार्वभौम प्रजासत्ताक' हे शब्द आहेत. मुस्लिम लीग आणि संस्थानं सभेत आलेली नसताना हा ठराव घाईने करू नये, अशी सुधारणा बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी सुचवली होती. त्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी केलेलं भाषण आजही वाचण्यासारखं आहे. ठराव मंजूर झाला २२ जानेवारी १९४७ ला. (पुढे फाळणीमुळे आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली आणि जयकरांनीच सोडलेल्या मुंबई प्रांताच्या जागेवरून ते पुन्हा समितीत आले. योगायोग म्हणून सांगते.)

प्रजासत्ताकाचं ठरलेलं असताना मधे डोमिनियन कशासाठी? कारण १९४७ च्या उन्हाळ्यात घाई होती. दंगली पेटल्या होत्या, अंतरिम सरकार आतून फाटलेलं होतं, आणि नवी घटना तयार व्हायला किती काळ लागेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डोमिनियनचा साचा मात्र तयार होता. १९३५ चा भारत सरकार कायदा थोडा कातरून चालवता येणार होता आणि ब्रिटिश संसदेला एकच विधेयक मंजूर करायचं होतं. काँग्रेसने हे मान्य केलं ते तात्पुरती सोय म्हणून. तुमच्या गटावरचा मजकूर या सोयीलाच गुलामी म्हणतो.

आता तो कायदा. भारतीय स्वातंत्र्य अधिनियम, १९४७. राजाची संमती १८ जुलै १९४७. एकूण २० कलमं आणि तीन परिशिष्टं, तासाभरात वाचून होतो. माझा आग्रह आहे की गटावर वाद घालण्याआधी तुम्ही तो स्वतः वाचावा, कारण त्यात ९९ हा आकडा नाही, भाडं नाही, मुदत नाही, परत करायची अट नाही. काय आहे ते सहाव्या कलमात पाहा. नव्या डोमिनियनच्या विधिमंडळाला कायदे करायचा पूर्ण अधिकार. ते कायदे इंग्लंडच्या कायद्याशी विसंगत आहेत म्हणून रद्द ठरणार नाहीत. विधिमंडळाने केलेला कायदा राजाला नाकारता येणार नाही. १५ ऑगस्टनंतर ब्रिटिश संसदेने केलेला कोणताही कायदा इथल्या विधिमंडळाने स्वीकारल्याशिवाय इथे लागू होणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खुद्द हा स्वातंत्र्य अधिनियम बदलायचा किंवा रद्द करायचा अधिकारसुद्धा नव्या विधिमंडळाकडे. ज्याला मूळ दस्तच फाडून टाकता येतो, त्याला भाडेकरू कसं म्हणायचं?

राहिला राजा. होय, सहावा जॉर्ज २६ जानेवारी १९५० पर्यंत भारताचा राजा होता. 'भारताचा सम्राट' ही उपाधी त्याने जून १९४८ मध्ये सोडली, पण डोमिनियनचा राजा म्हणून तो होताच. मात्र त्याच्या हाती काय उरलं होतं? व्हाइसरॉयला जे स्वेच्छाधिकार होते, ते आठव्या कलमाने संपवले. गव्हर्नर जनरलने, म्हणजे राजाच्या इथल्या प्रतिनिधीने, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं होतं, आणि त्याची नेमणूकही भारतीय मंत्रिमंडळाच्याच सल्ल्याने व्हायची. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन गेले आणि राजगोपालाचारी आले ते असेच.

माझ्या विद्यार्थ्यांना पटतं ते उदाहरण काश्मीरचं. ऑक्टोबर १९४७ पासून भारत आणि पाकिस्तान लढत होते. दोन्ही डोमिनियन, दोन्हींचा राजा एकच. एकाच राजाची दोन सरकारं एकमेकांविरुद्ध युद्धात उतरली आणि राजाला त्यात बोलायलाही जागा नव्हती. १ जानेवारी १९४८ ला प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेला तो दिल्लीच्या सरकारने, लंडनला विचारून नव्हे. स्वातंत्र्य याहून वेगळं कसं दिसतं?

तरी काहीतरी उरलं होतं, आणि ते मी नाकारणार नाही. आमच्या धंद्यात ते अगदी डोळ्यांना दिसतं. नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टर या निकालांच्या नियतकालिकाचे जुने खंड कुठल्याही बार लायब्ररीत मिळतील. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीचे फौजदारी निकाल उघडलेत तर शीर्षकात 'एम्परर' दिसेल, म्हणजे फिर्यादी सम्राट. १९४८-४९ च्या खंडांत सम्राट जातो आणि 'क्राउन', 'रेक्स' किंवा 'किंग' येतो. गांधीजींच्या खुनाच्या खटल्यातलं अपील पूर्व पंजाब उच्च न्यायालयात चाललं, त्याचंही शीर्षक 'नथुराम गोडसे विरुद्ध क्राउन' असंच आहे. स्वतंत्र भारतातला सगळ्यात मोठा खटला, आणि फिर्यादी म्हणून नाव राजमुकुटाचं. १९५० नंतरच्या खंडांत ती जागा 'स्टेट' घेतो. सर्वोच्च अपीलही ऑक्टोबर १९४९ पर्यंत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे, जाऊ शकत होतं. ती वाट बंद केली आपल्याच घटना समितीने, कायदा करून.

ही गोष्ट जमिनीच्या भाषेत सांगते, कारण आपल्याकडे ती चटकन कळते. ताबा तुमचा, सातबारा तुमच्या नावाचा, विकायचा-बांधायचा अधिकार तुमचा. पण तुमच्या हक्काची साखळी मागे मागे नेली तर शेवटचा दस्त आधीच्या मालकाने करून दिलेला. व्यवहारात त्याने काही अडत नाही. पण उद्या कुणी कोर्टात उभं राहून म्हणालं की त्या दस्तातली एक अट पाळलेली नाही, म्हणून त्यानंतरचे तुमचे सगळे व्यवहार रद्द, तर?

पाकिस्तानात नेमकं हेच झालं. म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी त्यावर खर्च करणार आहे.

दोन्ही देशांना मिळालेला कायदा तोच होता. त्याच्या सहाव्या कलमाचं तिसरं पोटकलम म्हणतं की डोमिनियनच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याला राजाच्या नावाने संमती द्यायचा पूर्ण अधिकार गव्हर्नर जनरलला आहे. यातून एक प्रश्न निघतो. रोजचे कायदे ठीक आहेत, पण घटना समिती म्हणून बसून जे केलं त्यालाही ही संमती लागते का? दोन्ही देशांच्या घटना समित्यांनी नाही असंच धरलं. घटना बनवणारी सभा ही सार्वभौम, तिच्या कामावर राजाच्या प्रतिनिधीची सही कशाला? पाकिस्तानच्या घटना समितीत तिच्या अध्यक्षाची सही पुरेशी मानली जात होती, आणि तशी वर्षं गेली.

मग २४ ऑक्टोबर १९५४ ला गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी घटना समितीच बरखास्त केली. समितीने नुकतेच त्यांचे अधिकार छाटले होते. समितीचे अध्यक्ष मौलवी तमिजुद्दीन खान सिंधच्या मुख्य न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकार फेडरल कोर्टात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, गेलं. मार्च १९५५ मध्ये सरन्यायाधीश मुहम्मद मुनीर यांच्या न्यायालयाने निकाल फिरवला. कारण वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. उच्च न्यायालयांना रिट, म्हणजे सरकारला बजावायचा आदेश, काढायचा अधिकार ज्या कलमाने दिला होता, ते कलम घटना समितीने १९५४ मध्ये घातलं होतं आणि त्याला गव्हर्नर जनरलची संमती नव्हती. म्हणून ते कलम कायदाच नाही. म्हणून सिंधच्या न्यायालयाला रिट काढायचा अधिकारच नव्हता. बरखास्ती बरोबर की चूक, हा प्रश्न तिथे आलाच नाही. न्यायमूर्ती कॉर्नेलियस तेवढे वेगळं मत देऊन उभे राहिले.

त्या एका निकालाने घटना समितीने संमतीशिवाय केलेले सगळे घटनात्मक कायदे हवेत लटकले. नवी समिती निवडावी लागली. पाकिस्तान प्रजासत्ताक झालं २३ मार्च १९५६ ला, आणि शेवटचे गव्हर्नर जनरल इस्कंदर मिर्झा हेच पहिले राष्ट्राध्यक्ष. ७ ऑक्टोबर १९५८ ला त्यांनीच ती घटना रद्द करून लष्करी कायदा लावला. देशभर प्रौढ मतदानाने थेट निवडणूक व्हायला १९७० उजाडलं.

आता आपल्याकडे पाहा. घटना समिती दोन भूमिकांत काम करत होती. कायदेमंडळ म्हणून बसली की अध्यक्षस्थानी गणेश वासुदेव मावळणकर, आणि तिने मंजूर केलेल्या रोजच्या कायद्यांना गव्हर्नर जनरलची संमती. घटना लिहायला बसली की अध्यक्ष राजेंद्र प्रसाद. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली तेव्हा तिच्यावर सही झाली राजेंद्र प्रसादांची, सभेचे अध्यक्ष म्हणून. ती राजगोपालाचारींकडे संमतीसाठी पाठवलीच नाही. माणूस आपलाच होता, पाठवली असती तर त्यांनी एका मिनिटात सही केली असती. पण मग आपल्या घटनेच्या मुळाशी कायमची राजाची संमती राहिली असती.

आणि शेवटचं कलम ३९५. दोनच ओळी. भारतीय स्वातंत्र्य अधिनियम, १९४७ आणि भारत सरकार कायदा, १९३५ रद्द. ज्या कायद्याने या सभेला कायदे करायचा अधिकार दिला, तोच सभेने मोडीत काढला, त्या कायद्याने सांगितलेल्या मार्गाने न जाता. काटेकोर वकील म्हणेल, ही तर साखळी तुटली. बरोबर आहे, ती तुटावी हाच हेतू होता. प्रस्तावनेत 'आम्ही भारताचे लोक' ही घटना स्वतःप्रत अर्पण करतो, हे विधान खरं होतं ते ३९५ व्या कलमामुळे. ते कलम नसतं तर आपली घटना ब्रिटिश कायद्याने दिलेल्या अधिकारात केलेला एक मोठा कायदा ठरली असती. वर्गात मी प्रस्तावना शिकवताना हे शेवटचं कलम आधी उघडायला लावते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वकिलाला सगळीकडे कलमंच दिसतात असं होईल. आपलं टिकलं आणि त्यांचं कोसळलं ते निव्वळ सहीच्या हुशारीमुळे नाही. आपल्याकडेही कुणी हट्टी गव्हर्नर जनरल असता आणि कुणी मुनीर असते तर हाच युक्तिवाद इथेही चालू शकला असता. फरक परिस्थितीचा होता. आपली घटना तीन वर्षांत झाली, तीही ७,६३५ सुधारणा येऊन आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभेत मांडल्या जाऊन. पाकिस्तानची समिती सात वर्षं अडकली होती, कारण पूर्व बंगालची लोकसंख्या जास्त आणि सत्ता पश्चिमेकडे, हा पेच सुटत नव्हता. जीना १९४८ मध्ये गेले, लियाकत अली १९५१ मध्ये मारले गेले. आपल्याकडे गावपातळीपर्यंत मुळं असलेला पक्ष सत्तेत होता आणि त्याचे नेते जिवंत होते. कायद्याच्या साखळीतली फट दोन्हीकडे होती. आपण ती ताण येण्याआधी ओलांडली.

'तुम्ही कुठे होता' यावरही उत्तर बदलतं. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तिथल्या माणसाला १५ ऑगस्ट १९४७ लागू नाही. त्याच्यासाठी तारीख १७ सप्टेंबर १९४८, आणि २६ जानेवारी १९५० नंतरही हैदराबाद राज्याचा राजप्रमुख (राज्यपालासारखं पद) निजामच, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत. कोल्हापूर मुंबई प्रांतात आलं मार्च १९४९ मध्ये. गोव्याला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. अडीच वर्षं का लागली, याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे. ब्रिटिशांच्या सर्वोच्च सत्तेखाली पाचशेहून जास्त संस्थानं होती आणि घटना नेमकी कोणत्या भूभागाला लागू होणार हेच १९४९ पर्यंत पक्कं होत नव्हतं.

राष्ट्रकुलाबद्दल, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्यातून निघालेल्या देशांच्या संघटनेबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण गटावर तो मुद्दा येणारच. तोवरचा दंडक असा की राजा नको असेल तर राष्ट्रकुलातून बाहेर. ब्रह्मदेश १९४८ मध्ये स्वतंत्र झाला तो बाहेर पडूनच, आयर्लंड एप्रिल १९४९ मध्ये गेलं. त्याच महिन्यात लंडनच्या परिषदेत भारतासाठी वेगळी वाट निघाली. भारत प्रजासत्ताक होईल, राजाशी निष्ठेचा संबंध राहणार नाही, फक्त राष्ट्रकुलाचं प्रतीक आणि प्रमुख म्हणून त्याला मान्यता. मे १९४९ मध्ये घटना समितीत यावर कडक टीका झाली आणि नंतर मान्यता मिळाली. आज राष्ट्रकुलातले बहुसंख्य सदस्य प्रजासत्ताक आहेत, ती वाट आपण पाडलेली आहे.

प्रजासत्ताक झालं की सगळं आपोआप चांगलं, असंही नाही. श्रीलंका पाहा. ४ फेब्रुवारी १९४८ ला स्वतंत्र, प्रजासत्ताक २२ मे १९७२ ला. तिथेही ब्रिटिश मूळ तोडायचं होतं, म्हणून सिरिमाव्हो बंदरनायके यांच्या सरकारने खासदारांना संसदेबाहेर, नवरंगहला या सभागृहात, घटना समिती म्हणून बसवलं. कायद्याची साखळी तुटली, पण तमिळांचा फेडरल पक्ष १९७१ मध्ये सभात्याग करून गेला. जुन्या घटनेतल्या २९ व्या कलमात अल्पसंख्याकांना जे संरक्षण होतं ते नव्या घटनेत राहिलं नाही, बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळालं. तांत्रिक काम चोख झालं, पण ते सगळ्यांनी मिळून केलं नव्हतं. तुमचा गट प्रजासत्ताकाची पूजा करणारा असो की टिंगल करणारा, त्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

आता तुमचा शेवटचा आणि मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. कायदे तेच राहिले तर बदललं काय? कायदे राहिले हे खरं. कलम ३७२ ने आधीचे कायदे चालू ठेवले. एका रात्रीत दंड संहिता, करार कायदा, पुरावा कायदा सगळं पुसलं असतं तर २७ जानेवारीला कोर्टं कशावर चालली असती? १८६० ची दंड संहिता थेट १ जुलै २०२४ ला गेली. पण त्या कायद्यांच्या डोक्यावर कलम १३ येऊन बसलं. मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढा जुना कायदा शून्य. याचा अर्थ दोन खटल्यांतून नीट कळतो, आणि दोन्हींचा मुंबईशी संबंध आहे.

पहिला केशवन माधव मेनन यांचा. सप्टेंबर १९४९ मध्ये मुंबईत एक पुस्तिका निघाली आणि १९३१ च्या प्रेस कायद्याखाली मेनन यांच्यावर खटला भरला गेला. तो चालू असताना २६ जानेवारी आला. मेनन म्हणाले, आता मला भाषणस्वातंत्र्य आहे, हा कायदा त्याविरुद्ध आहे, खटला थांबवा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९५१ मध्ये बहुमताने नकार दिला. मूलभूत हक्क २६ जानेवारी १९५० ला जन्मले, ते मागे जाऊन लागू होत नाहीत, आधीच्या कृत्याचा खटला चालू राहील. दोन न्यायाधीशांचं मत याविरुद्ध होतं.

दुसरा रोमेश थापर यांचा. त्यांचं 'क्रॉस रोड्स' साप्ताहिक मुंबईहून निघायचं. मार्च १९५० मध्ये मद्रास सरकारने १९४९ च्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्याखाली त्याला राज्यात बंदी घातली. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उडवून लावली आणि ज्या तरतुदीखाली ती घातली होती तीही घटनाबाह्य ठरवली.

हे दोन निकाल शेजारी ठेवा. दोन्हीकडे प्रश्न लेखनावरच्या सरकारी बंधनांचा, दोन्हीकडे कायदा २६ जानेवारीच्या आधीचा. पहिल्यात लेखन त्या तारखेच्या आधीचं, दुसऱ्यात बंदी त्या तारखेच्या नंतरची. १९४९ मध्ये मुंबईच्या माणसाला सरकारविरुद्ध दाखवायला असा हक्क नव्हता. सरकार आपलंच होतं, स्वतंत्र होतं, निवडून आलेल्यांचं होतं, पण त्याने केलेला कायदा नागरिकाच्या हक्कावर घासून पाहण्याची सोय नव्हती. १९५० च्या मे महिन्यात ती होती. सरकारला हा धक्का इतका बसला की जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून त्याने भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादा वाढवून घेतल्या. ती दुरुस्ती मला आजही खटकते. पण आधी हक्क खरा नसता तर ती करायची गरजच पडली नसती.

आणि ही दुरुस्ती केली कुणी? हंगामी संसदेने, म्हणजे पूर्वीच्या घटना समितीनेच, जी मुख्यतः १९४६ मध्ये, मर्यादित मताधिकारावर निवडून आलेल्या प्रांतिक कायदेमंडळांनी निवडली होती. पहिल्या राष्ट्रपतींनाही २४ जानेवारी १९५० ला याच सभेने बिनविरोध निवडलं होतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की २६ जानेवारीला लोकांच्या नावाने अधिकार आला, पण लोकांनी प्रत्यक्ष मत देऊन निवडलेली संसद यायला १९५२ उजाडलं. २५ ऑक्टोबर १९५१ ला मतदान सुरू झालं आणि ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चाललं. सुमारे १७.३ कोटी मतदार, त्यातले बहुतेक निरक्षर, म्हणून मतपेट्यांवर चिन्हं. त्यांची यादी करायचं काम घटना स्वीकारली जायच्या आधीच, निर्वासितांचे लोंढे येत असताना सुरू झालं होतं, तेही २१ वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचं नाव धरून. मे १९५२ मध्ये राजेंद्र प्रसाद पुन्हा राष्ट्रपती झाले, या वेळी लोकांनी निवडलेल्या आमदार-खासदारांच्या मतांनी.

गटावर उत्तर द्यायचं असेल तर लांबलचक लिहू नका. स्वातंत्र्य अधिनियमाचं कलम ६ आणि घटनेचं कलम ३९५ यांचे फोटो एकाखाली एक टाका आणि ९९ वर्षांचं कलम कुठे आहे ते दाखवा, एवढंच विचारा. राजाचा मुद्दा कुणी काढलाच तर आधी 'हो, होता' म्हणा, मग काश्मीरचं युद्ध सांगा. थापर आणि मेनन यांचे निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. थापरचा छोटा आहे, त्यापासून सुरुवात करा. मेननमध्ये न्यायमूर्ती फझल अलींचं विरोधी मत सोडू नका. ते वाचून बहुमत बरोबर होतं की ते, हे ठरवता आलं तर मला जरूर लिहा. माझं स्वतःचं मत फझल अलींकडे झुकतं.